ऑफर संपू द्या, आधी इनपुट मोजा

प्रश्न: नाशिकरोडला माझं रेकॉर्डिंगचं छोटं काम आहे. भजनी मंडळं, शाळांची स्नेहसंमेलनं, व्याख्यानं, सगळं आजवर दोन चॅनलवर केलं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर दहा वर्षांपूर्वी विकत घेतलेलं आहे, विंडोजवर चालतं, हाताला चांगलं बसलंय. यंदा मित्राबरोबर भागीदारीत १८ चॅनलचा यूएसबी डिजिटल मिक्सर घेतला. दिवाळीत एका मंडळाला पाडवा पहाट बारा माईकवर वेगवेगळी रेकॉर्ड करून हवी आहे. सॉफ्टवेअरच्या अपग्रेडवर सवलत आहे, पण महिनाअखेरपर्यंतच. घेऊन टाकू का?

उत्तर:

ऑफर संपू द्या. या सवलती दसऱ्याला येतात, नाताळात येतात, मार्चमध्ये पुन्हा डोकं वर काढतात. घाईघाईत अपग्रेड घेऊन नंतर पस्तावलेले तीन जण तर माझ्याच ओळखीत आहेत. त्यातला एक मी.

नाशकात हे काम करताना मला वीसहून जास्त वर्षं झाली. कालिदास कलामंदिरात बसून केलं, गोदाघाटावर उघड्यावर केलं, पंचवटीतल्या वाड्यांत जमिनीवर मांडी घालूनही केलं. त्यावरून एवढं सांगतो की तुमच्या प्रश्नात दोन कामं एकमेकांत मिसळली आहेत. कार्यक्रम चालू असताना बारा आवाज वेगवेगळे पकडणं हे एक काम. नंतर घरी बसून त्यातलं निवडणं, कापणं, साफ करणं, दोन चॅनलमध्ये बसवणं हे दुसरं. आपल्याकडे द्राक्षाची तोडणी बागेत होते आणि प्रतवारी पॅकहाऊसला, तसंच हे. दोन्ही एकाच सॉफ्टवेअरनं केली पाहिजेत असं कुठं लिहिलेलं नाही. तुमचं जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या कामाचं आहे आणि तुमची अडचण पहिल्या कामाची आहे.

आता त्या माहितीपत्रकाकडे या. त्यात ‘अमर्याद ट्रॅक’ असं ठळक अक्षरात असेल. ते खोटं नसतं, पण तुमच्या उपयोगाचं असेलच असं नाही. ट्रॅक म्हणजे पडद्यावर एकाखाली एक दिसणाऱ्या पट्ट्या. आज पेटी भरली, उद्या तबला भरला, परवा गायिका आली, असं करत शंभर ट्रॅक दोन चॅनलच्या साध्या साऊंडकार्डावरही रचता येतात. तुम्हाला हवेत ते एकाच क्षणी आत येणारे बारा इनपुट. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचा हात कूल एडिट प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरवर बसला (तेव्हा त्याच्या सीड्या कशा हातोहात फिरायच्या, ते आता उकरत नाही). त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत १२८ ट्रॅक होते. २००३ साली ॲडोबीनं ते घेतलं आणि ऑडिशन असं नाव ठेवलं, पण त्यात आसिओ ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांचं बोलणं जुळवणारा छोटा प्रोग्राम) चालायला २००६ उजाडलं. म्हणजे पट्ट्या १२८, आणि आमच्यासारखे साधं साऊंडकार्ड जोडणारे एका वेळी दोनच माईक भरत बसलेले.

हे आसिओ काय प्रकरण आहे? विंडोजचा ध्वनीचा नेहमीचा रस्ता गाणी ऐकायला आणि बोलायला बनवलेला आहे. त्याला यंत्र दिसतं ते बहुतेकदा दोन चॅनलचं, फार तर दोन-दोनच्या जोड्यांचं. स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ मध्ये आसिओ आणलं. त्यात सॉफ्टवेअर विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट यंत्राच्या ड्रायव्हरशी बोलतं आणि यंत्राचे सगळे इनपुट एकाच घड्याळावर, एकत्र मिळतात. मॅकवर ही सोय कोअर ऑडिओच्या रूपानं मुळातच आहे, म्हणून मॅकवाल्यांना हा घोळ फारसा माहीत नसतो.

तेव्हा पैसे काढण्याआधी दहा मिनिटांचं काम करा. मिक्सर बनवणाऱ्याच्या साइटवरून त्याचा विंडोज ड्रायव्हर उतरवून बसवा. जुनं सॉफ्टवेअर उघडा, ऑडिओ हार्डवेअरच्या सेटिंगमध्ये जा, ड्रायव्हरच्या प्रकारात आसिओ दिसतं का बघा. दिसलं तर तिथे मिक्सर निवडा आणि इनपुटच्या यादीत १८ नावं येतात का ते मोजा. आली तर बारा ट्रॅक उघडा, प्रत्येकाला वेगळा इनपुट द्या, बाराही रेकॉर्डला लावा आणि बटण दाबून एकेका माईकवर टिचकी मारत जा. बारा पट्ट्यांवर बारा वेगळ्या टिचक्या उमटल्या तर तुमचा प्रश्न सुटला. अपग्रेडवर एक रुपया घालू नका. आसिओच नसेल किंवा यादीत फक्त ‘१-२’ एवढंच येत असेल, तर जुन्या आवृत्तीवर हे काम होणार नाही. नवीन आवृत्तीवर होईल का, हेसुद्धा तिची चाचणी आवृत्ती घेऊन असंच टिचक्या मारून बघायचं. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबायचं नाही. एक खोच आणखी आहे. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या भाषेत ‘मल्टिचॅनल’ याचा अर्थ पुष्कळदा ५.१ सराऊंडची फाइल उघडता आणि कापता येणं, एवढाच असतो. सिनेमाच्या ध्वनीवाल्यांना त्याचा उपयोग. बारा माईक भरण्याशी त्याचा संबंध नाही. मी पस्तावलो तो याच शब्दापायी.

‘फुकटचं ऑडॅसिटी आहे की’ असं रेकॉर्डिंग-एडिटिंगच्या त्या सॉफ्टवेअरबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगणारच. व्याख्यानाची साफसफाई करायला मी आजही ते वापरतो, उत्तम आहे. पण विंडोजसाठी जे तयार ऑडॅसिटी मिळतं, त्याच्या तिसऱ्या मालिकेत आसिओ नाही. कारण तांत्रिक नाही, परवान्याचं आहे: ऑडॅसिटीचा मुक्त परवाना आणि आसिओच्या जुन्या अटी एकमेकांत बसत नव्हत्या. त्यामुळे बारा माईकचं काम त्याच्यावर टाकू नका. मॅकवर किंवा लिनक्सवर गोष्ट वेगळी.

मग पकडायचं कशानं? आधी मिक्सरच नीट बघा. काही डिजिटल मिक्सर स्वतःच पेनड्राइव्हवर किंवा एसडी कार्डवर चॅनलवार रेकॉर्ड करतात. साऊंडक्राफ्टचा यूआय२४आर २२ चॅनल यूएसबी ड्राइव्हवर भरतो, बेहरिंगरच्या एक्स३२ ला एक्स-लाइव्ह कार्ड लावलं की ३२ चॅनल एसडी कार्डवर जातात. मात्र पेनड्राइव्ह लावायची खाच आहे म्हणून सगळे चॅनल त्यावर जातात असं नाही. कित्येक मिक्सर तिथे फक्त मुख्य दोन चॅनल भरतात. मॅन्युअलमध्ये पक्कं करून घ्या. तशी सोय असेल तर लॅपटॉपची कटकटच मिटली.

नसेल तर माझी शिफारस रीपर या मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरची. मी कुणाचा एजंट नाही, पण आपल्या धंद्याच्या आकाराला हे बसतं. ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं, म्हणजे दिवाळीच्या आधी दीड महिना उतरवलंत तर तालमी आणि कार्यक्रम त्या मुदतीतच होऊन जातील. पुढे ठेवायचं ठरलं तर सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे. वर्षाची एकूण उलाढाल २० हजार डॉलरच्या आत असलेल्या छोट्या व्यावसायिकांना तो चालतो. त्यावर गेलात तर २२५ डॉलर. सातव्या आवृत्तीच्या काळात घेतलेला परवाना आठवी संपेपर्यंत चालतो. दरमहा भाडं नाही. हा मुद्दा मला मोठा वाटतो, कारण आपलं काम मोसमी असतं. गणपती-नवरात्र-दिवाळीत धावपळ असते, लग्नसराईत थोडं फार, आणि आषाढ लागला की महिना महिना मिक्सरवरचं कापड निघत नाही. अशा महिन्यांचंही सॉफ्टवेअरचं भाडं भरणं जिवावर येतं. प्रो टूल्सची फुकट आवृत्तीही आहे, नाव मोठं आहे, पण तिच्यात ऑडिओ ट्रॅक आठच. बारा माईक आठात कोंबायचे कसे?

आता थोडा हिशेब, कारण याच हिशेबानं मला एकदा चांगलंच घाम फोडलाय. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर एक चॅनल तासाला सुमारे ५१८ एमबी खातो. बारा चॅनल म्हणजे तासाला सव्वासहा जीबी, तीन तासांच्या पहाटेला १९ जीबीच्या आत. सेकंदाला पावणेदोन एमबीसुद्धा होत नाही. लॅपटॉपची कुठलीही बरी डिस्क हे हसत लिहिते. त्यामुळे ‘मल्टिचॅनलसाठी मशीनपण नवीन लागेल’ असं कुणी सांगितलं तर मान हलवा आणि सोडून द्या. रेकॉर्ड करणं संगणकाला जड नसतंच. जड असतात ते एकावर एक लावलेले इफेक्ट.

पण वेव्ह फाइलला एक जुनं कुंपण आहे. तिच्या डोक्यात लांबी लिहायला ३२ बिटांचीच जागा असते, म्हणून फाइल ४ जीबीच्या पुढे गेली की आकडा मावत नाही. एका चॅनलची एक फाइल असेल तर तिथे पोचायला आठ तासांहून जास्त लागतात. आठ चॅनल एकाच फाइलमध्ये भरले तर ते कुंपण ६२ मिनिटांवर येतं. माझ्या बाबतीत हेच झालं. जुन्या नाशकातल्या एका वाड्यात भजनाची बैठक होती, आठ माईक, सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं आठही चॅनलची एकच फाइल केली. घड्याळ पडद्यावर एक तास चाळीस मिनिटांपर्यंत बिनबोभाट धावलं. रात्री घरी येऊन फाइल उघडली तर लांबी ३८ मिनिटं. बुवांची भैरवी त्यात नव्हती. त्या रात्री मी जेवलो नाही. आकडा ४ जीबीवरून पुन्हा शून्यापासून मोजायला लागला होता, हे डोक्यात शिरायला पहाट झाली. फाइलचा आकार तर पुरा होता, म्हणजे आवाज आत होता, फक्त पाटी चुकीची लागली होती. ऑडॅसिटीत ‘रॉ डेटा’ म्हणून फाइल आत घेतली, २४ बिट, आठ चॅनल, ४८,००० असं हातानं सांगितलं, आणि सुरुवातीचा क्षणभराचा कचरा सोडला तर सगळं भजन परत आलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये प्रत्येक चॅनलची वेगळी मोनो फाइल होतेय ना, हे बघून ठेवा.

आणि एक पळवाट आधीच बंद करतो. मिक्सरऐवजी घरातली दोन जुनी यूएसबी इंटरफेस (माईक संगणकाला जोडायच्या पेट्या) जोडून चॅनल वाढवायचा विचार कुणी सुचवला तर नको म्हणा. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. दहा लाखांत वीसचा फरक असला तरी तासाभरात दोन यंत्रं ७२ मिलिसेकंदांनी एकमेकांपासून सरकतात. तबल्याचा ठेका दुहेरी ऐकू येतो.

आता एडिटिंग. इथे मात्र तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा आहे, आणि अपग्रेडचं प्रामाणिक कारण सापडलंच तर इथेच सापडेल.

स्टुडिओतली मल्टिट्रॅक आणि मंचावरची मल्टिट्रॅक या दोन वेगळ्या जाती आहेत. स्टुडिओत गायिकेच्या माईकवर फक्त गायिका असते. मंचावर तिच्या माईकवर तबला आहे, पेटी आहे, टाळ आहेत, मागचा कर्णा आहे. तबलजी तिच्यापासून दोन मीटरवर बसला असेल तर त्याचा आवाज तिच्या माईकवर साधारण सहा मिलिसेकंद उशिरा पोचतो. तबल्याच्या स्वतःच्या माईकवर तो लगेच येतो. हे दोन्ही मिळून जो तबला ऐकू येतो, तो या अंतरावर उभा असतो. आता समजा दोन ओळींच्या मध्ये गायिकेला खोकला आला आणि तुम्ही फक्त तिच्या ट्रॅकमधला अर्धा सेकंद कापून पुढचा भाग मागे ओढलात. तिथून पुढे तिच्या माईकवरचा तबला बाकीच्या अकरा माईकांच्या अर्धा सेकंद आधी वाजायला लागेल. हे उघड कळतं तरी. वाईट तेव्हा, जेव्हा सरक दोन-चार मिलिसेकंदांचीच असते. तेव्हा चूक म्हणून काही ऐकू येत नाही, फक्त तबल्याचा भरीवपणा जातो, पेटी नाकात बोलल्यासारखी होते, आणि तुम्ही तासभर इक्वलायझर फिरवत बसता.

म्हणून मंचावरचं रेकॉर्डिंग कापायचं तर बाराच्या बारा ट्रॅक एका गाठीत बांधून, एकाच जागी, एकाच लांबीचे कापता आले पाहिजेत. आणि मूळ फाइलला हात न लावता. तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरला ही गाठ मारता येते का? येत असेल तर झालं. येत नसेल तर काय करायचं हे तुमच्या कामावर आहे. मंडळाला नुसतं छान जुळवलेलं दोन चॅनलचं रेकॉर्डिंग हवं असेल, मधलं काही गाळायचं नसेल, तर रीपरमध्ये बारा ट्रॅकचे आवाज जुळवा, दोन चॅनलची एक फाइल काढा आणि कापणं, सुरुवात-शेवट, निवेदनातली खरखर हे सगळं त्या फाइलवर तुमच्या ओळखीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये करा. मी निम्मी कामं अजून अशीच करतो. एकट्या आवाजाची बारीक साफसफाई करायला आवाजाच्या लहरी दाखवणारी जुनी, साधी खिडकी मला जास्त सोयीची वाटते. सवयीचा भाग असेल, पण हात तिथेच वळतो. उलट वर्षाला पंधरा-वीस मैफली करायच्या असतील, त्यातली निवडक गाणी वेगळी काढायची असतील, कलाकार पुन्हा पुन्हा बदल सांगणार असतील, तर एडिटिंगही मल्टिट्रॅकमध्येच शिकून घ्या. ते शिकणं हाच खरा खर्च आहे. परवान्याची रक्कम त्यापुढे किरकोळ.

अपग्रेडचे काही छुपे खर्च ऑफरच्या पानावर नसतात. तुमची आवृत्ती ३२ बिटची असेल आणि नवी ६४ बिटची, तर जुने ३२ बिटचे प्लगइन (सॉफ्टवेअरला वरून जोडलेले इफेक्ट) नव्यात दिसणारच नाहीत अशी पुरेपूर शक्यता आहे. ज्या खरखर काढायच्या प्लगइनवर तुमचा जीव आहे तोच गेला तर? जुनी प्रोजेक्टं उघडतात, पण इफेक्टांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. म्हणून पुढेमागे अपग्रेड केलंत तरी जुनं काढून टाकू नका, आणि महत्त्वाच्या कामांच्या ट्रॅकवार वेव्ह फाइली आधी काढून ठेवा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुम्ही अजून त्यावर असाल तर तुमचं खरं अपग्रेड कदाचित तिथेच आहे, आणि ते करताना मिक्सरच्या ड्रायव्हरची विंडोज ११ साठीची आवृत्ती आधी बघायची. पण हे सगळं देवदिवाळीनंतर. कार्यक्रमाच्या आधीचे तीन आठवडे मशीनवर नवं काही बसवायचं नाही, हा माझ्याकडे नियम आहे. घरच्यांनाही माहीत आहे.

पाडव्यासाठी एवढं करा. बारा इनपुट लावून घरी सलग तीन तास रेकॉर्डिंग चालू ठेवा, माईकसमोर कुणी असो नसो, मोबाइलवर तानपुरा लावून ठेवा. शेवटी बाराही फाइलींची लांबी सारखी आहे का बघा आणि मधूनमधून उघडून टिकटिक येतेय का ऐका. बफर, म्हणजे संगणक एका दमात आवाजाचे किती नमुने गोळा करतो तो आकडा, १०२४ ठेवा. लोक घाबरून १२८ वर नेतात. ते कानात स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून ऐकत गाणाऱ्यासाठी असतं. तुमचे कलाकार मिक्सरमधून ऐकणार, मग लॅपटॉप २१ मिलिसेकंद मागे असला तर कुणाचं काय बिघडतं? विंडोजचं अपडेट थांबवा, यूएसबीची वीजबचत बंद करा, वाय-फाय बंद करा. मिक्सरमधून यूएसबीला जाणारा सिग्नल फेडरच्या (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीच्या) आणि इक्वलायझरच्या आधीचा घ्या, म्हणजे मंचाच्या सोयीसाठी तुमच्या मित्रानं पेटी खाली ओढली तरी रेकॉर्डिंगमधली पेटी जागेवर राहील. गेन, म्हणजे माईकचा आवाज मुळात किती वाढवून आत घ्यायचा ते, मात्र मंच आणि रेकॉर्डिंग दोघांचा एकच असतो, तेव्हा कार्यक्रमात गेनला हात लावायचा नाही हे त्याच्याशी आदल्या दिवशी ठरवा. २४ बिटवर आहात, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला तरी काही वाया जात नाही. आणि मुख्य दोन चॅनलची तार एखाद्या छोट्या हातातल्या रेकॉर्डरला देऊन ठेवा. लॅपटॉप गेलाच तर मंडळाच्या हातात द्यायला काहीतरी राहतं.

कार्यक्रम घाटावर असेल तर तिथे पहाटे साडेचार-पाचला दव पडतं. केबलींचे जोड जमिनीवर उघडे ठेवू नका, कंडेन्सर माईक शेवटी लावा, मिक्सरवर सुती कापड टाका. आणि अपग्रेडसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून मागे बसून साथीला गाणाऱ्यांच्या ओळीसाठी दोन बरे माईक आणि चार चांगल्या केबली घ्या. एक चॅनल श्रोत्यांसाठी राखलाच असेल, तर तो माईक रस्त्याकडे तोंड करून लावू नका. साडेपाचला पहिली फटाक्यांची माळ कुठल्या तरी गल्लीत लागते आणि ती बाराही ट्रॅकवर येते. ती काढणारं सॉफ्टवेअर मी अजून पाहिलेलं नाही.

मिक्सरचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. ड्रायव्हर बसवल्यावर इनपुटच्या यादीत काय दिसतं ते आणि मॉडेल, दोन्ही कळवा. यादी १८ ची आली तर मला काही विचारायचीही गरज पडणार नाही.